सुटी अक्षरं

मस्जिद बंदरच्या गल्लीत स्टिकरची पाकिटं मिळतात,
चमचमती, फुगीर, सव्वाशेला एक.
सगळी ए बी सी डी.
मी विचारलं, मराठी नाहीत का?
दुकानदार म्हणाला, बाई, त्याला मात्रा लागतात,
कोण बनवत बसणार.

खरं आहे. मात्रा लागतात.
म्हणून मी त्या वेगळ्या ठेवते, हिंगाच्या डबीत:
वेलांट्या, उकार, आणि एकुलता एक रफार
(तो हरवला तर माझ्या सगळ्या वर्षांचं वष होईल).
अक्षरं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
अनुस्वार तेवढे विकत घेते,
टिकल्यांचं पाकीट, पाच रुपये,
बारकातली बारीक, काळी.
महिन्याला चाळीस रुपये या छंदाला,
त्यातच टिकल्या, त्यातच मैदा.
खळ घरी शिजवते. चिमूटभर मोरचूद घातलं
की झुरळं पानांना तोंड लावत नाहीत.

कागद दुकानातला.
शिवडी कोर्टासमोर झेरॉक्स काढते मी, सोळा वर्षं झाली.
तिरकी आलेली, फिकी आलेली पानं
शेठ म्हणतात, ने, पण नाव-नंबर कापून ने.
त्यामुळे माझी वही कुठूनही आखूड.
पुढे कुणाला तरी मिळालेली पुढची तारीख,
पाठीवर माझा मंगळवार.

लग्नपत्रिका शेजारणी आणून देतात.
श्री इतके साठलेत की काय करू कळत नाही.
स्थळ असतं, वेळ असते, त्यामुळे ळ-ला तोटा नाही.
पण लग्नात जे छापतात
तेच नेहमी आपल्याला लिहायचं असतं असं नाही.
मागच्या श्रावणात एक पान केलं:
भांडण.
भ शुभविवाहातला, सोनेरी.
ड कॅलेंडरातल्या पाडव्याचा.
ण आग्रहाच्या निमंत्रणाचा.
वर टिकली.
तीन ठिकाणची अक्षरं, शिरोरेघ काही जुळेना,
एकाची जाड, एकाची कापताना अर्धी गेलेली.
शेवटी वरून दोरा ओढला,
साडीच्या फॉलचा, लाल.

त्या पानाच्या पाठीवर काय आहे ते मला पाठ आहे.
त्यातलं नाव मी कापलं नाही. माझंच होतं.
हक्कसोडपत्र.
घोडपदेवची खोली, दहा बाय बारा.
दादा म्हणाला, चार प्रती काढ तुझ्याच दुकानात,
बाहेर तीन रुपये घेतात.
पहिली काळी आली, काजळी धरल्यासारखी.
ती मी ठेवली.
तिचे दोन रुपये माझे मी गल्ल्यात टाकले.
भांडण झालंच नाही, खरं तर.
म्हणून तर पान करावं लागलं.

काल दादाची केतकी आली, सहावीतली.
शाळेचा तक्ता, उद्याच द्यायचा.
दारातूनच म्हणाली,
आत्या, तुझ्या डब्यात घर आहे का?

होतं.
शटरखालून कुठल्याशा बिल्डरचा कागद आला होता,
पनवेलच्याही पुढचा,
हक्काचं घर, हे एवढं, निळं, ठसठशीत.
त्यातलं घर कापून तीन वर्षं झाली,
चिकटवायला हात होत नव्हता.

डबा उपडा केला चादरीवर.
ती श्रींच्या रांगा लावत बसली.
हा कसला गं, मोडका?
मोडका नाही, अर्धा त आहे.
कशाला लागतो?
आत्यात लागतो.

घ दिला. र दिला.
वाटीत खळ दिली, म्हटलं
पातळ लाव, नाहीतर कागद फुगतो.
ती तक्त्याची सुरळी काखेत मारून
जिना उतरून गेली सुद्धा.

मग तो बिल्डरचा कागद काढला वहीतून.
एक चौकोनी भोक,
आणि त्याच्या आधी नुसतंच: हक्काचं.
तेही कापून ठेवलं.
च-वरचा अनुस्वार छापीलच आहे.
एक टिकली वाचली.