एका चालीनं

हनोईत न्हुंगनं माझं मनगट धरलं होतं.
गाईड कसली, पोरगीच.
म्हणाली, थांबू नका, धावू नका,
एका चालीनं चला.
त्यांना कळू दे तुम्ही कुठे असणार आहात.
आणि स्कूटरींचा लोंढा दुभंगला
माझ्या बाटाच्या चपलांपाशी.
एकीवर तर संत्र्याचं झाड, कुंडीसकट.

आज राजवाड्यासमोर तेच केलं.
ई-रिक्षावाला करकचून थांबला:
"माताजी, मरना है क्या?"
छे.

पलीकडून वळून पाहिलं.
हे अजून त्याच काठावर,
काखेत शेवेचा पुडा, एक हात वर,
बत्तीस वर्षं मला थांबवताना करतात तसा.

हाक नाही मारली.
सराफ्याच्या दिशेनं निघाले,
एका चालीनं.
कळू दे त्यांना
मी कुठे असणार आहे.