झाकल्या मुठीतला घाम

ब्रेस्टिरनं कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आणला,
आजारी कोकरू आणावं तसा.
टेबलावर ठेवला आणि म्हणाला,
"कंपनीनं लिहून दिलंय, मार्युन,
पाण्याला दाद देत नाही म्हणून."

लिहून देतात. मीही वाचलंय.
क्लाक्सविकच्या बंदरावर पाऊस आडवा येतो,
कधी खालून वर,
आणि लिहिलेलं वाचायला थांबत नाही.

मी पाठीवरचे स्क्रू काढते, एकेक बशीत ठेवते.
रबराची कड, शेवईएवढी,
सात वर्षांत सुकलेली, एका कोपऱ्यात भेगाळलेली.
बदलावी लागेल.
पण पाणी तिथून आलेलं नाही.

समुद्राचं असतं तर मिठाची पांढरी रेघ ठेवून गेलं असतं.
पावसाचं असतं तर वाट दिसली असती,
बटणाखालून, किंवा चार्जरच्या त्या झाकणाखालून
जे सगळेच उघडं विसरतात.
इथे वाट नाही.
नुसतं दव, सगळीकडे सारखं,
भिंगाच्या आतल्या अंगाला.

"शनिवारी कुठे होतास?"
"कड्यावर. सहा तास. मेंढ्या खाली आणत होते सगळे.
वारा असा, की उभं राहणं म्हणजेच भांडण."
"आणि मग?"
"मग घरी. चुलीवर रस्सा उकळत होता.
सोल्वाला फोटो दाखवायचे होते,
तिथंच कार्ड काढलं."

वादळानं त्याला बोट लावलं नाही, ब्रेस्टिर.
तुझ्या स्वयंपाकघरानं लावलं.
गारठलेली वस्तू उबेत आली
की खोलीतलं सगळं पाणी तिच्याच गळ्यात पडतं,
आणि तू तर दारही उघडून दिलंस.

पुढच्या वेळी बाहेरच पिशवीत घाल, तोंड घट्ट आवळ,
पडवीत राहू दे तासभर. दोन तास, हिवाळा असेल तर.
आधी टिपून घे, मग उघड. टिपायचं, चोळायचं नाही.
पावसात झूम मागेपुढे करू नकोस,
भिंग तेवढा श्वास घेतं, आणि ओलाच घेतं.
आणि तांदळात पुरू नकोस रे बाबा,
तांदूळ भातासाठी असतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे.
पण झाकल्या मुठीत घाम येतो.
जी कड पाण्याला आत येऊ देत नाही
ती आत आलेल्याला बाहेरही सोडत नाही.

मागे माझ्या वडिलांचं च्याडलूर अजून उभं आहे,
फळीफळीत बोटभर फट ठेवलेलं लाकडी खोपटं.
पाऊस बाहेर राहतो, वारा आरपार जातो,
मेंढीचं मांस महिनोन् महिने टांगलेलं असतं, कुजत नाही.
कुलूप कधी लावलेलं आठवत नाही.

हेयिन, माझा भाऊ, तीन महिन्यांनी येतो ग्रीनलंडकडून.
थेट घरात शिरत नाही.
त्या मांसाखाली पालथ्या बादलीवर बसतो,
बूटसुद्धा न काढता.
आई आधी चिडायची.
आता कॉफीचा थर्मास खोपटाच्या दाराशी ठेवते
आणि हाक न मारता परत वळते.
तासाभरानं तो आत येतो,
तेव्हा त्याच्या चष्म्यावर वाफ धरत नाही,
तेव्हा त्याला विचारलं तर तो सांगतो.

असो. कार्ड ठीक आहे.
तपासताना शेवटचा फोटो दिसला, माफ कर.
सोल्वा, हातात पळी, अर्धी धुक्यात,
कोणावर तरी ओरडते आहे. तुझ्यावरच असणार.

आठवड्यानं ये. शाश्वती देत नाही.
काचेवर बुरशी धरली नसेल तर वाचेल.
रबराचे साडेतीनशे क्रोन, बाकीचं नंतर बघू.

ब्रेस्टिर रिकाम्या टॉवेलाची घडी घालतो.
बाहेर पाऊस आडवाच आहे.
तो पडवीत थांबतो,
टोपी घालून, काढून, पुन्हा घालून,
मी काचेतून बघते,
बराच वेळ थांबतो.