ईचं बटण निघालेलं आहे

लॅपटॉप अक्षताच्या ऑफिसातून आला,
मोडीत काढलेला, चार्जर भलत्याच कंपनीचा.
ईचं बटण निघालेलं. त्या जागी
रबराचा एवढासा कोंब, उगवता उगवता थांबलेला.
त्यावर बोट ठेवलं की ई उमटते,
जरा जोरात दाबलं तर तीन-चार.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, वरची खोली, पत्रा.
दुपारी दोन ते साडेतीन माझी शाळा.
डबे धुऊन पालथे घातलेले असतात,
बोटांना लसणाचा वास असतो अजून,
आणि पडद्यावरची बाई सांगते,
एफवर एक बोट, जेवर एक बोट,
तिथे बारीक उंचवटे आहेत,
न बघता हाताला कळतील.
हे मात्र मला लगेच जमलं.
न बघता हाताला कळणं
म्हणजे मीठच की.

माउसचं तसं नाही.
पाटाची कड संपली तरी
बाण आपला मधेच उभा.
उचलून पुन्हा मधे ठेवायचा असतो,
हे त्या बाईनं सांगितलंच नाही.
चार दिवस मी पाट सरकवत होते.

इंग्रजी मोबाईलवर, फुकटचं.
हिरव्या पट्टीत वाक्य येतं,
आपण मोठ्यानं म्हणायचं,
ते ऐकतं आणि गुण देतं.
माय हजबंड इज ॲन इंजिनिअर.
वुई लिव्ह इन अ बिग हाउस विथ अ गार्डन.
शंभरपैकी ब्याण्णव.
मोहितेवहिनींनी जिन्यातून ऐकलं,
म्हणाल्या, कधी झाले इंजिनिअर? पेढे कुठायत?

हे तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात.
तेवीस वर्षं पाठीवर गोण्या.
रात्री शर्ट झटकला की
खिशातून कांद्याची सालं निघतात,
पातळ, गुलाबी,
पगाराच्या दिवशीसुद्धा नोटांपेक्षा जास्त.

एकदा हे पालथे झोपलेले, मानेखाली हात घेऊन.
मी हळूच मोबाईलला म्हटलं,
माय हजबंड लिफ्ट्स अनियन्स.
ट्राय अगेन.
माय हजबंड लिफ्ट्स अनियन्स.
ट्राय अगेन.
शेवटचा स सुद्धा नीट म्हटला होता मी.
अक्षताला विचारलं, वाक्यात चूक काय?
ती म्हणाली, चूक काही नाही गं,
त्याला इंजिनिअर ऐकायचंय.

मग मी ते लिहिलंच, कोऱ्या पानावर,
ईच्या कोंबाला जपून.
खाली माझं नाव, आडनाव, तालुका.
वाक्याला यंत्राची काही हरकत नव्हती.
नावाखाली मात्र लाल नागमोडी रेघ.
आडनावाखाली लाल. जावळीखाली लाल.
सगुणाऐवजी ते सुचवतं, सॉना.
सॉना म्हणजे वाफेची खोली, अक्षता म्हणाली.
आमच्या पत्र्याखाली, मे महिन्यात,
तसं फार चुकलेलं नाही म्हणा.

उजवीकडचं बटण दाबलं की यादी उघडते,
तळाशी असतं, ॲड टू डिक्शनरी.
मी जोडत गेले. सगुणा. रांजणे. जावळी.
मग यांचं नाव, सासूबाईंचं,
पेढे मागणाऱ्या मोहितेवहिनींचंही.
रेघा एकेक विझत गेल्या.

ती डिक्शनरी एवढ्याच लॅपटॉपची,
हे कळलं नंतर, बोर्डाच्या ऑफिसात.
यांच्या दवाखान्याच्या कार्डासाठी गेले होते.
साहेबांनी आडनाव टाइप केलं, लाल रेघ आली,
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
स्पेलिंग नक्की बरोबर आहे ना, मावशी?

काउंटर उंच. मी टाचा उचलल्या.
आर, ए, एन, जे, ए, एन, ई.
ई जरा जोरातच निघाली, सवयीनं.
बरोबर आहे, म्हटलं,
राइट क्लिक करा.