कुलरमध्ये पाणी

मे महिन्यात आमच्या घरात एकच प्रश्न असतो:
कुलर कोण भरणार?

पूर्वी मीच. आठ बादल्या,
मोरीपासून गॅलरीपर्यंत एकोणीस पावलं,
सिकलवाली असूनही.
दुखणं उठलं की गुडघ्याला गरम फडकं, दोन गोळ्या,
आणि चौथ्या दिवशी इंदोरा चौकातून बस धरून
पुन्हा कोर्टात, टाइपरायटरपाशी.
त्या दुखण्याला मी ओळखते.
पहिलीत होते तेव्हापासून सोबत आहे.
येण्याआधी पिंढऱ्यांतून निरोप धाडतं
आणि जाताना दार ओढून घेतं.

हे दुसरं आलं दुसऱ्या लाटेत.
मेडिकलच्या व्हरांड्यात अकरा दिवस काढले,
ऑटोत बसून घरी आले,
तेही आलं मागोमाग.
चार वर्षं झाली.
याचा काही नेम नाही.
काल केस धुतले म्हणून आज आडवी.
परवा रेशन कार्डासाठी एक फोन केला नुसता,
संध्याकाळपर्यंत छातीत वरातीचा बँड.

सिकलचे डॉक्टर म्हणतात, थायरॉइडचं असेल.
थायरॉइडचे म्हणतात, सिकलचंच.
माझी फाइल दोन खिडक्यांमधून फिरते,
मी बाकावर.
एकदा एक शिकाऊ पोरगा पेन खाली ठेवून म्हणाला,
ताई, खरं सांगू? आम्हालाही माहीत नाही.
त्या दिवशी मला बरं वाटलं.
बरी झाले असं नाही. बरं वाटलं.

मिनिटाला चाळीस शब्द उतरायचे या बोटांतून,
साक्षीदार रडत असला तरी.
आता रेवतला म्हणते, ते दे रे,
ते... कुलुपात घालतात ते.
तो माझ्याकडे न बघता किल्ली देतो.
न बघणं कुठं शिकला हा?

गजभिये काकू जिन्यात भेटतात:
काऊन वं, दिसून तर चांगली राहिली तू!
मी हसते. हसायलाही श्वास लागतो,
पण तो मी काकूंसाठी राखून ठेवलेला असतो.

आज पंचेचाळीस.
रेवत सहा बादल्या ओतून ड्यूटीवर गेला.
उरलेलं मी स्टुलावर बसून, तांब्यानं.
एक तांब्या कुलरला, एक पेला मला.
दिवसाला तीन लिटर, फाइलवर लिहिलंय,
लाल अक्षरात, दोनदा अधोरेखित.
दोघांनाही कोरडं पडून चालत नाही.

खस भिजली.
रेवत असता तर म्हणाला असता, आहा, वास!
मला जळका टायर येतो.
चहात तोच, फोडणीत तोच,
आईच्या जुन्या लुगड्यातसुद्धा.
ते लुगडं मी आता उघडत नाही,
आठवणीतला वास खराब होऊ नये म्हणून.

आई म्हणायची, बसलं की बसलं.
विड्या वळता वळता म्हणायची, मान वर न करता.
आमच्यात कुणी थांबलेलंच नव्हतं कधी,
थांबतात कसं, कुणाला विचारू?

तिसऱ्या तांब्याला हाताला घाम, कानात शिट्टी.
पाचवा भरता आला असता.
चौथाही आला असता.
तांब्या फरशीवर ठेवते.
आई, बसले गं.

पाणी अजून खुणेच्या चार बोटं खाली आहे.
पंप खरखरतोय,
पण वारा येतोय, थोडा गार,
आणि टायरचा.