एकेचाळीस कमिट मागे

पहाटे पावणेपाच. राजेंद्र नगर, इंदूर.
तेरा दिवस लॅपटॉप उघडला नव्हता,
नणंदेचं लग्न, मग तिची पाठवणी, मग नुसताच ताप.

आधी फेच. ते काही हलवत नाही,
फक्त दाराच्या फटीतून बघून येतं कोण आलंय.
मग स्टेटस : तुझी प्रत
एकेचाळीस कमिट मागे आहे.

असणारच.
पुण्याचा सौमित्र आगाशे रात्री दोनला कोड चढवतो
आणि संदेशाच्या शेवटी पूर्णविरामही देतो.

माझं अर्धवट काम स्टॅशमध्ये ठेवलं,
परात पालथी घालून कणीक झाकावी तसं,
आणि पुल.

ओळी सरसरत गेल्या, हिरवे अधिक, लाल उणे.
टाक्यांची नवी वेळापत्रकं. झोन सहाचे दोन झालेत.
जलूदचे सगळे पंप आता एकाच फाइलीत.
माझं एक फंक्शन उडालं होतं.
उडू दे, लंगडतच होतं ते.

झाकलेलं परत काढलं
आणि एका जागी अडलं. एकच ओळ.
वर त्याची :
पाणीपुरवठा सुरू असल्यास प्रतीक्षा करावी.
खाली माझी :
नळ येऊन राहिले असतील तर जरा थांबा
मध्ये बरोबरच्या सात खुणा, बांधासारख्या.

मशीन ही ओळ वाचतसुद्धा नाही.
ती माणसांसाठी.

"नळ कुठून येणार? ते तर भिंतीत असतात,"
मीटिंगमध्ये हसला होता तो. मीही हसले.
आता सुचतंय उत्तर, नेहमीप्रमाणे उशिरा :
नर्मदा सत्तर किलोमीटर डोंगर चढून येते, बाबा,
तरी आमच्याकडे पाणी येत नाही.
नळ येतात.
होळकरांच्या मागोमाग आलो तेव्हा
उतरवून घेतलेली प्रत आहे ही.
नंतर कुणी पुल केलं नाही,
कुणी मागितलंही नाही,
आणि इतकी वर्षं ती चालून राहिली आहे.

त्याची ठेवावी? माझी?
दोन्ही ठेवल्या तर वाचणारा दोनदा थांबेल.

तेवढ्यात खालून टांकसाळेकाका, जिन्यात तोंड घालून :
"अहो वरचे! नळ आले!"

मोटर लावायला धावले.
कर्सर तिथेच,
बांधावर, लुकलुकत.