माजी

भाई खवणेकरांचं नाव मी पहिल्यांदा रंगवलं
तेव्हा मला 'श्रा' नीट यायचा नाही.
बर्फ कारखान्याची भिंत, गेरूचा डबा, काथ्याचा कुंचला.
विश्राम पुंडलिक खवणेकर. निशाणी होडी.
अपक्ष. खिशात एसटीचं परतीचं तिकीट,
पायात भावाच्या चपला.
वल्हं मी उलटं काढलं होतं.
म्हणाले, "असांदे. वारो असलो की वल्ह्याक कोण बघता?"

वारा होता तेव्हा.
रापण ओढताना कोण कुठल्या वाडीचा ते बघत नाहीत,
तसे ते दोरीला लागले,
कमरेइतक्या पाण्यात, विजार भिजवून,
ट्रॉलर आत येऊ देणार नाही म्हणत.
माझा भाऊ बाबल त्याच दोरीला होता.
पोलिसांनी दोघांना एका गाडीत घातलं.

मग भिंतीवर शिडी आली.
होडीवर चुन्याचे दोन हात, वर शिडी.
पाच वर्षांनी शिडीवर चुना, वर छत्री.
नाव तेच, म्हणून नावाला हात लावत नसे,
निशाणीपुरता चौकोन मारायचो.
उन्हाळा चढला की चुना पातळ व्हायचा
आणि छत्रीच्या दांड्यातून वल्हं बाहेर यायचं, उलटं.
लोक हसायचे.
भाईही हसायचे, गाडीची काच खाली करून.

राज्यमंत्री झाले, अठरा महिने.
जावयाच्या दोन पर्ससीन बोटी त्याच काळात पाण्यात उतरल्या.
त्यांची नावंही मीच घातली, सोनेरी रंगात.
बाबल त्यानंतर चवथीला माझ्याकडे आला नाही.

आणि हेही लिहायला हवं:
त्याच अठरा महिन्यांत सरकारी दवाखान्यात रात्रीची नर्स आली,
नाहीतर माझी प्रमिला आणि तिच्या पोटातली पोर
कुडाळच्या वाटेवरच राहिली असती.
दोन्ही एका भिंतीवर लिहून बघतो कधी कधी, मनात.
भिंत पुरत नाही.

तीनशे बारा मतांनी पडले
त्या संध्याकाळी सरळ बंदरावर आले.
लिलावात उभे राहिले, बांगड्याच्या एका टोपलीवर बोली लावली.
कोणी वर चढवली नाही.
तो मान होता की कीव,
त्यावर अजून सोसायटीच्या कट्ट्यावर वाद होतो.

मग फ्लेक्स आला.
कणकवलीहून छापलेले दात नाक्यानाक्यावर.
माझं काम तेव्हाच गेलं, त्यांचं दोन निवडणुकांनी.
मी आता होड्यांवर नावं घालतो,
मे महिन्यात, होड्या वर ओढल्या की.

परवा आले. काठी टेकत, चालत.
"पांडू, गेटाक पाटी व्हयी."
पांडू माझा बाप. जाऊन वीस वर्षं झाली.
मी गपचूप पांडू झालो.
एके काळी या माणसाला
मतदारांच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं पाठ होती.

नाव सांगितलं. खाली, माजी आमदार.
मग थांबले. "माजी जरा बारीक काड."
नात पाटीजवळ उकिडवी बसून अक्षरं लावत होती.
"माजी? कोणाची?"
आमच्या बोलीत माजी म्हणजे माझी,
माजी होडी, माजी वई, माजी आवस.
भाई तिच्याकडे बघत राहिले,
जसा सभागृहात अडचणीचा प्रश्न यावा
आणि फाईल सचिवाकडे राहिलेली असावी.

"मागची बाकी किती रे?"
वही काढली. नव्वद सालचे तीनशे चाळीस. छत्रीचे.
मोजून दिले. चाळीस कमी पडले.
"फुडच्या खेपेक," म्हणाले,
अगदी तेव्हाच्याच आवाजात.

पाटी वाळत घातली आहे. 'श्रा' यावेळी बरा आलाय.
माजी बारीक काढलंय,
इतकं, की गेटाला नाक लावून वाचावं लागेल.
संध्याकाळी मीच नेऊन लावीन.
स्क्रू पितळेचे घेतले.
खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही.