खुशीची पट्टी

राजवाड्याच्या पश्चिम दारासमोर
माझं भाड्याच्या कपड्यांचं दुकान आहे.
चार तासांसाठी कुणीही राणी होतं.
हानबोक घातलं की आत तिकीट लागत नाही,
म्हणून रांग असते. मी घेरांना इस्त्री करते,
नाड्या आवळते,
सॉसचा डाग पडला तर जादा पैसे घेते.

वर्षातून एकदा सामचकहून गुनबेकाका येतात,
सुतळीनं बांधलेल्या खोक्यात सुके मासे घेऊन.
त्यांना कपडे नकोत. तिकीट काढून जातात.
सिंहासन, छतावरचे सोनेरी ड्रॅगन, काही बघत नाहीत.
सरळ एका खांबापाशी जाऊन
रंगाला नाक लावतात.

घरात सांगत आलेत ते असं:
दीडशे वर्षांमागं राजवाडा नव्यानं उभा राहत होता
आणि लाकूड पुरेना.
शिपाई डोंगर चढून आले, आमच्या थडग्यांमागच्या पाइनना
चुन्याची खूण करून गेले.
पाच झाडं. पूर्वजांच्या पाठीशी उभी असलेली.
वर पट्टी. तिचं नाव खुशीची.
आमच्या भाषेत खुशी आणि तळतळाट
एकाच उच्चारात बसतात,
त्यामुळे पावती लिहिणाऱ्याला काही खोडावं लागलं नाही.
नाणं पाडलं शंभराचं,
बाजारात त्याला दहाचाही तांदूळ येईना.
वेशीतून शिरायलाही जकात.
ओंडके ओढत आणणाऱ्या खापरपणज्यानं
आपल्याच झाडांमागून आत यायला
पैसे मोजले.

आणि राजवाडा देखणा झाला. काकाही कबूल करतात.
पहाटे बर्फ पडलेलं असलं
की छपरांची टोकं उडायच्या बेतात दिसतात.

पुढे परक्यांचं राज्य आलं. त्यांनी दालनं उतरवली,
लिलावात विकली,
तुळया वेगळ्या, कौलं वेगळी.

यंदा मीही गेले काकांसोबत,
निळा घेर घालून, फुकट.
खांबाजवळचा पहारेकरी, पोरगाच तो,
अदबीनं म्हणाला,
"आजोबा, हे दालन पंच्याण्णव सालचं.
जुनं कधीच गेलं."

काका हात न काढता उभे राहिले.
मला वाटलं, आता रडतील.
"मग हा पाइन कुठला?"
पोरानं फोनमध्ये शोधलं.
"पूर्वेचा. तुमच्याच बाजूच्या डोंगरातला."
"कुणाचा?"
ते फोनमध्ये नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांच्या बाहीला लागलेली
तांबडी भुकटी झटकायला गेले,
तर म्हणाले, राहू दे.